राणीचा अर्धा मिटलेला डोळा

महाराणी पेटाऱ्यावर मांडी घालून बसली होती. तिच्या अर्ध्याच चेहऱ्याला सफेदा लागला होता, आणि कोल्हापूरहून आलेली आफरीन मुजावर तिच्यावर चांगलीच वैतागली होती.

“अहो दादा, डोळा मारू नका ना! किती वेळा सांगायचं?”

देवळाच्या सभामंडपात हशा पिकला. आंबेगाळू गावच्या दशावतार मंडळाची सगळी माणसं आपापल्या पेटाऱ्यांवर रंगरंगोटी करत बसली होती. हातात कुंचला तसाच धरून मंडळाचे मालक भाई धुरी ओरडले, “निखल्या, मॅडमक डोळो मारतंस? घराक तुझ्या बायलेक, प्रणालीक कळला तर आज जेवाक गावाचा नाय!”

“मी मारणंय नाय ओ भाई,” महाराणी, म्हणजे निखिल राऊळ, काकुळतीला येऊन म्हणाला. “तो आपसूक मिटता.”

आता हा डोळा म्हणजे काही साधासुधा डोळा नव्हता. निखिल राऊळ राणीच्या वेशात रंगमंचावरच्या एकुलत्या एका बाकड्यावर बसला, समोरच्या राजाकडे वळला आणि त्याची डावी पापणी हळूहळू खाली आली, की जत्रेतल्या बायकासुद्धा श्वास रोखून बघत. त्या पापणीत राणीचा राग आहे, असं कोणी म्हणे; कोणी म्हणे, छे, तो तर मान आहे. आजूबाजूच्या मंडळांतली स्त्रीपात्रं करणारी तरुण पोरं आरशासमोर बसून तशी पापणी पाडायचा सराव करत. त्यातल्या एकाची पापणी म्हणे फडफडायची थांबेचना आणि शेवटी त्याला राक्षसाची भूमिका द्यावी लागली.

आफरीनला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिच्या कंपनीने मंडळाला ‘ओळचष्मे’ दिले होते आणि ते प्रत्येकाच्या डोळ्यांना जुळवून द्यायचे, एवढंच तिचं काम होतं. ओळचष्म्याच्या दोन्ही काचांत केसाएवढा पातळ पडदा असतो. घालणाऱ्याला नाटकातलं पुढचं वाक्य समोर हवेत तरंगताना दिसतं आणि प्रेक्षकांना मात्र काचाही दिसत नाहीत. दशावताराला खरं तर असल्या वस्तूची गरजच नव्हती. दशावतारात संहिता नसते. खेळाआधी मालक कथा सांगतात आणि उभं राहिल्यावर ज्याने त्याने आपापले संवाद जागच्या जागी रचायचे. पण यंदा मंडळाला गोव्यातल्या एका मोठ्या स्पर्धेत उतरायचं होतं, तिथे संवाद आधी लिहून द्यायचे होते आणि त्याबाहेर जायचं नव्हतं. बाकीच्यांनी पाठ केले असते. निखिलला मात्र पाठ करायला आधी कोणीतरी वाचून दाखवावं लागे.

निखिलला वाचता येत नसे. अक्षरं येत होती, तीच तर पंचाईत होती. रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी तो झरझर वाची, लांबून येणाऱ्या बसचं गाव सगळ्यांच्या आधी ओळखी. पुस्तक हातात दिलं की दुसऱ्या ओळीला जांभई, तिसऱ्या ओळीला खिडकीबाहेर. “बसची पाटी वाचता आणि पुस्तक वाचना नाय, म्हणजे लबाड आसा,” असा निकाल त्याच्या शाळेने, आईबापांनी आणि शेवटी त्याने स्वतःही देऊन टाकला होता. नववीत त्याने दप्तर ठेवलं आणि पेटारा उचलला.

“मॅडम, चष्मो बिघडलो आसात,” तो आफरीनला म्हणाला.

“चष्मा ठीक आहे. माझ्या या पाटीच्या पडद्यावर तुमचे डोळे दिसतायत, बघा ना, उजवा डोळा अक्षरावर आहे आणि डावा भलतीकडेच.” बोलता बोलता ती थांबली. तिने आपलं बोट त्याच्या तोंडासमोर हातभर अंतरावर धरलं आणि हळूहळू नाकाकडे नेलं. “बोटाकडे बघत राहा. दोन्ही डोळे उघडे ठेवा हं.”

बोट अर्ध्या वाटेवर आलं आणि निखिलचा डावा डोळा बोट सोडून बाहेरच्या बाजूला निघून गेला, कंटाळलेल्या पाहुण्यासारखा.

“किती बोटं दिसली?”

“दोन.”

“मी एकच धरलंय.”

“होय, पण जवळ हाडल्यार एकाची दोन होतत ना,” निखिल म्हणाला. आपण काही वावगं बोलतोय, असं त्याला वाटलंही नाही. “सगळ्यांचीच होतत.”

राजा, प्रधान, राक्षस, भाई, प्रत्येकाने आपलं बोट आपल्या नाकासमोर धरून पाहिलं. अर्धी रंगलेली पाच-सहा मोठी माणसं स्वतःच्या बोटाकडे टक लावून बसलेली बघून कोणालाही हसू आलं असतं, पण हसलं कोणी नाही.

“माका एकच दिसता,” भाई हळूच म्हणाले. “अगदी नाकाजवळ येयसर एकच.”

आफरीनने पाटीवर बराच वेळ काहीतरी खटपट केली. या चष्म्यात एक सोय होती, जिला ती ‘सैल जुळवणी’ म्हणायची. एरवी चष्मा दोन्ही डोळ्यांना एका जागी यायला लावतो. सैल जुळवणीत उलटं होतं: प्रत्येक डोळा जिथे असेल तिथे चष्माच अक्षरं नेऊन ठेवतो, डोळ्यांनी एकमेकांना शोधायचे कष्ट घ्यायचेच नाहीत. ही सोय लांबच्या प्रवासात थकलेल्या चालकांसाठी केलेली होती. तिने ती लावली आणि चष्मा निखिलच्या नाकावर ठेवला.

मग त्याची मान पुढे झाली.

“ती... ती उभी आसत,” तो पुटपुटला.

“कोण?”

“अक्षरां.” आणि त्याने वाचलं. आधी एकेक शब्द, अडखळत, अनोळखी घरात पाऊल टाकावं तसं. “हे राजन्... आपल्या राज्यात... ज्यास बोलता येत नाही... त्याचे कोण ऐकेल?” पुढची ओळ आली, ती त्याने जरा वेगाने वाचली. त्यानंतरची आणखी. संवाद राणीचा संपून राजाचा सुरू झाला तरी तो थांबेना. राजाचा वाचला, प्रधानाचा वाचला, राक्षसाच्या गर्जनेपाशी लिहिलेलं “मोठ्याने” हेसुद्धा मोठ्याने वाचलं. सगळे हसायला लागले आणि निखिल रडायला लागला. सफेदा गालावरून ओघळला तरी वाचन चालूच होतं.

माणूस इतका आनंदी झालेला मंडळाने फार वर्षांत पाहिला नव्हता.

आणि वाचता वाचताच त्याची नजर सभामंडपाच्या खांबाकडे गेली. खांबाला टेकून त्याची मुलगी जुई बसली होती. चौथीतली पोर. मांडीवर शाळेची, धडे वाचायची लक्षपाटी, आणि डावा डोळा घट्ट मिटलेला.

जुईचा तो मिटलेला डोळा सगळ्या गावाला माहीत होता. “बापसाची राणी!” म्हणून बायका तिच्या गालाचा मुका घेत. शाळेच्या संमेलनात तिला मुद्दाम राणी केली होती. निखिलला तर त्या डोळ्याचा केवढा अभिमान! पोरीने बापाची कला उचलली, असं तो पाहुण्यांना सांगे.

त्याने चष्मा काढला आणि तिच्याजवळ जाऊन बसला.

“जुई, डोळो कित्याक मिटलंस गो?”

“वाचतंय ना,” ती म्हणाली. “मिटलो नाय तर ओळी एकमेकींच्या अंगार चडतत.”

“कदीपासून?”

“पैल्यापासूनच.”

“मगे माका कधी सांगलंस नाय ता?”

जुईला प्रश्नच कळला नाही. “तू पण मिटतंस. माका वाटला, वाचताना मिटूचोच आसता.”

निखिलला हे ऐकून जे वाटलं ते त्याने नंतर प्रणालीला एका वाक्यात सांगितलं, की मला माझंच थोबाड फोडावंसं वाटलं. कारण दुसऱ्या दिवशी, सोमवारी, त्याला शाळेत जाऊन जुईला दूर पाठवायच्या संमतीपत्रावर अंगठा टेकायचा होता. जूनपासून तिला जिल्ह्याच्या गावी, मुलं जिथे राहूनच शिकतात अशा ‘एकाग्रता वर्गात’ पाठवायचं ठरलं होतं. लक्षपाटीचा आग्रह होता तसा.

लक्षपाटी आता सगळ्याच शाळांत असते. तिच्या वरच्या कडेला बारीक कॅमेरा असतो आणि तो मुलाच्या बुबुळांकडे बघत राहतो. मूल ओळीवर आहे की भरकटलंय, हे पाटी मोजते आणि त्यावरून त्याचा ‘लक्षांक’ ठरवते. एखादा डोळा मिटला, तर तेही ती भरकटण्यातच धरते. जुईचा लक्षांक सगळ्या वर्गात तळाला होता. प्रणालीने महिनाभर रडून घेतलं होतं. जुई रडली नव्हती. आपण तिथे गेलो की आईला आपली वेणी घालता येणार नाही, म्हणून ती स्वतःची वेणी स्वतः घालायला शिकत होती. ती वाकडी यायची.

सोमवारी निखिल शाळेत गेला. आफरीनही थांबली होती. खरं तर सकाळच्या गाडीने तिला परतायचं होतं, पण आपण एका माणसाला डोळा मारणारा ठरवून बसलो होतो, हे तिच्या मनातून जात नव्हतं.

चौथीच्या घाडी बाई वाईट नव्हत्या, उलट फार जीव लावणाऱ्या होत्या. जुईसाठी त्यांनी शाळा सुटल्यावर किती वेळा थांबून शिकवलं होतं. त्या म्हणाल्या, “राऊळ, आपण तिचे डोळे तपासले होते की. तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा तिने वाचली.”

“तक्ता भिंतीवर होता ना, बाई?” आफरीनने विचारलं. “आणि एकेक डोळा झाकून?”

“हो. तसाच तपासतात.”

“एकेक डोळा छानच आहे तिचा. लांबचंही दिसतं. जवळ बघताना दोघांनी मिळून काम करायचं असतं, ते होत नाही. दोन चांगली माणसं, पण त्यांचं जमत नाही, असं समजा.” तिने लक्षपाटी मागून घेतली. “ही पाटी लक्षांक काढताना दोन डोळ्यांची सरासरी काढते. ती सरासरी जरा बाजूला ठेवू आणि दोन्ही डोळे वेगवेगळे बघू.”

जुईला धडा वाचायला दिला आणि दोन्ही डोळे उघडे ठेवायला सांगितले. पाटीवर दोन ठिपके उमटले, एक निळा, एक तांबडा. निळा ठिपका ओळीवरून चालू लागला. तांबडा त्याच्याबरोबर निघाला, मध्येच खालच्या ओळीवर घसरला, परत आला, पुन्हा सुटला. दोघांच्या मधोमध पाटी आपला सरासरीचा ठिपका काढत होती आणि तो कधी ओळींमधल्या कोऱ्या जागेत, तर कधी समासात पडत होता. पाटीच्या मते पोरगी समास वाचत होती.

बाई बघतच राहिल्या. ठिपके एकमेकांना धरून ठेवायला केवढी धडपड करत होते, हे कोणालाही दिसलं असतं. जुईच्या कपाळावर घाम आला होता. चार ओळी झाल्या आणि तिने खिडकीबाहेर पाहिलं. लांब, माडांकडे. त्याबरोबर दोन्ही ठिपके पाटीवरून नाहीसे झाले आणि पाटीने लगेच दाखवलं: लक्ष नाही.

“तिचं लक्ष नाही म्हणून तिला वाचता येत नाही, असं मी लिहून बसले,” बाई म्हणाल्या. “आणि ही पोर तर सगळं लक्ष ओळ धरून ठेवण्यातच घालवतेय. धड्याला उरणार काय?” त्यांनी पडद्यावरचं संमतीपत्र बंद केलं आणि जुईला जवळ ओढून घेतलं.

कुडाळच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी दोघांना तपासलं. बापाला आणि लेकीला, एकाच खुर्चीत, एकापाठोपाठ एक. दोन डोळ्यांनी आत वळून एका ठिकाणी भेटणं, याला त्यांनी ‘नजरजोड’ असं साधं नाव दिलं होतं. तुमची नजरजोड कच्ची आहे, म्हणाल्या, आणि ती व्यायामाने पक्की होते, बहुतेकांची होते. मात्र उगाच हुरळून जाऊ नका, असंही त्यांनी बजावलं. “लक्ष न लागणाऱ्या प्रत्येक मुलाचं दुखणं डोळ्यांत नसतं. कोणाचं लक्ष मुळातच टिकत नाही, कोणाला अक्षर आणि आवाज यांची सांगड घालणं जड जातं. त्यांना या व्यायामाने काही होणार नाही, त्यांना वेगळी मदत लागते. जुईचंही डोळे जुळल्यावर काय उरतं ते बघू. पण बघितल्याशिवाय पोराला नाव ठेवायचं नाही, एवढं पक्कं.”

“मॅडम, माझां वय आता...” निखिल चाचरत म्हणाला.

“बायका-मुलांना सांभाळता ना? मग डोळे सांभाळायला काय झालं?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि दोघांच्या हातात एकेक दोरी दिली. दोरीत रंगीत मणी ओवलेले होते.

मग राऊळांच्या घरात जो काही प्रकार सुरू झाला, तो बघायला शेजारी येऊ लागले. दोरीचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधायचं, दुसरं नाकाशी धरायचं. आधी लांबचा मणी बघायचा, मग मधला, मग अगदी जवळचा. एकाच दोरीच्या दोन दिसतात, आणि जिथे बघाल त्या मण्यापाशी त्यांची फुली पडलेली दिसली, म्हणजे दोन्ही डोळे तिथे भेटले. खिडकीच्या दोन गजांना दोन दोऱ्या आणि त्यांच्या टोकाला बाप आणि लेक, दोघेही आपापल्या नाकाकडे तिरळे बघत. प्रणाली धुणं घेऊन आली की वाकून दोऱ्यांखालून जायची आणि म्हणायची, “माज्या घरात दोन बैल बांदलेत!”

“गावली! माजी फुली गावली!” जुई ओरडायची. निखिलची अजून सापडलेली नसायची. तो चिडायचा, डोकं दुखतं म्हणायचा, दोरी टाकून उठायचा. मग जुईच त्याला हाताला धरून परत बसवायची आणि घाडी बाईंच्या आवाजात दटावायची, “राऊळ, लक्ष कुठे आहे तुमचं?”

दरम्यान गोव्याची स्पर्धा झाली. मंडळाला बक्षीस मिळालं नाही. निखिलने ओळचष्म्यातले संवाद पहिल्या प्रवेशात मन लावून वाचले, दुसऱ्या प्रवेशात त्याला ते आवडेनात, आणि तिसऱ्या प्रवेशात त्याने चष्मा राजाच्या हातात देऊन स्वतःचेच संवाद सुरू केले. परतताना गाडीत भाईंनी त्याला फैलावर घेतलं. तो हसून म्हणाला, “वाचूक येता म्हणान लिवलेला आयकूकच होया काय?” भाईंनाही मग हसू आवरेना.

खरी काळजी भाईंना वेगळीच होती. उन्हाळा लागला तशी निखिलची पापणी पडायची बंद झाली. समोरचा राजा आता त्याला एकच दिसत होता, मग डोळा मिटायचा कशाला? भाई एकदा त्याला बाजूला घेऊन म्हणाले, “अरे, लोक त्या डोळ्यासाठी येतत. खोटो खोटो मिट.” निखिलने आरशासमोर प्रयत्न करून पाहिला. डोळा मारल्यासारखाच दिसला.

वैशाखातली जत्रा आली. आवाजाच्या नव्या नियमांमुळे आता खेळ उजेडीच, चार वाजता सुरू होतात. गुळाच्या पाकातल्या खाज्याची दुकानं लागली होती, देवळाचं आवार भरून गेलं होतं. पुढे पोरं, मागे बायका, आणि अगदी मागे दुकानांना टेकून म्हातारे. पायपेटी वाजली आणि महाराणी येऊन बाकड्यावर बसली. राजाकडे वळली. लोकांनी श्वास रोखला. आणि राणीने त्याच्याकडे दोन्ही डोळ्यांनी, पुरतं, थेट बघितलं.

कुजबूज झाली. “आज काय तरी वेगळाच दिसता,” एक बाई म्हणाली. दुसरी म्हणाली, “राणी बघता कशी बघ!” पण कोणी उठून गेलं नाही.

विंगेत जुई बसली होती, वर्गातल्या गोष्टींचं पुस्तक घेऊन. अजून सावकाश वाचायची, ओठ हलायचे, पण वाचायची. त्या दिवशी निखिलला बाकड्यावरून ती दिसत होती. तिने पान उलटलं. कोणी न सांगता, पुढे काय होतं ते कळावं म्हणून उलटलं. ते बघून राणी पुढचं बोलायचंच विसरली. पखवाजवाला दोनदा वाजवून थांबला.

आणि मग दशावतारात जे चालतं तेच झालं. राणी उठली, पुढे आली, आणि कथेत कुठेच नसलेलं बोलू लागली.

“हे राजन्! आपल्या राज्यात पुस्तकांतल्या ओळी हलतात, ही वार्ता आपणास आहे काय?” राजा गोंधळला, पण जुना नट, सावरून म्हणाला, “नाही महाराणी! असे कोण म्हणते?” राणी म्हणाली, “कोणी म्हणत नाही. कारण कोणी विचारत नाही!” आणि पदर खोचून ती सरळ मालवणीवर उतरली. समोरच्या पोरांना म्हणाली, “खरां सांगा रे बाळांनो. पुस्तक वाचताना कोणाची ओळ हलता? एका अक्षराची दोन कोणाक दिसतत? भिया नको. माझी हलायची. माझ्या चेडवाची, ह्या जुईची हलायची. आमका वाटला, सगळ्यांचीच हलता.”

पोरं एकमेकांकडे बघून खिदळली. मग पुढच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. तिच्या मागे आणखी कोणीतरी केला. घाडी बाई प्रेक्षकांत होत्या, त्या उठून उभ्या राहिल्या आणि कोणाकोणाचे हात आहेत ते बघू लागल्या. पोरांमागे बसलेल्या एका आईने आपल्या मुलाकडे असं पाहिलं, की जणू तो आत्ताच जन्मला.

तेवढ्यात मागून, खाज्याच्या दुकानातून, एक म्हातारा उठला. हाताला गुळाचा पाक लागलेला, तसाच गर्दीतून वाट काढत पुढे आला. लोक त्याला वाट देत गेले. तो रंगमंचाच्या कडेला येऊन थांबला आणि त्याने राणीकडे वर पाहिलं.

“राणीसायबा,” तो म्हणाला, “माका मास्तरान दुसरीत बाकार उभो केल्यान आणि बापाशीन शाळेतसून काडल्यान. माझ्या पण ओळी हलत होत्यो. मी कोणाक सांगलंय नाय.” त्याने पाकाचे हात धोतराला पुसले. “आजपातूर मी ढ आसंय म्हणानच जगलंय. तर मगे मी ढ नव्हतंय काय गो?”